हवाई वर्चस्वाचा हिशेब तिसऱ्या दिवशी करावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे २०२५ मधील भारत-पाकिस्तान संघर्षापासून मराठी वृत्तवाहिन्यांवर आणि वृत्तपत्रांतही हवाई युद्धाची चर्चा पुष्कळ झाली; परंतु ती बहुतेक वेळा कोणाची किती विमाने पडली या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली. तो प्रश्न गैर नाही. मात्र युद्धाच्या आरंभी आकाशावर ताबा कसा मिळतो, याचे उत्तर त्या आकड्यातून मिळत नाही. माझी सारी नोकरी रस्ते आणि धावपट्ट्यांच्या बांधकामात गेली. वैमानिकाच्या अनुभवावर बोलण्याचा अधिकार मला नाही. पण लढाऊ विमान जिथून उडते आणि जिथे परत येते त्या जमिनीविषयी मला थोडेफार कळते. हवाई वर्चस्व पहिल्या तडाख्याच्या धाडसाने मिळते, अशी समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे. इतिहास मात्र सांगतो की, पहिला तडाखा सोसून तिसऱ्या दिवशीही स्वतःची विमाने उडती आणि शत्रूची जमिनीवर खिळलेली ठेवण्याची तयारी ज्याच्याकडे असते, त्याच्याकडेच ते टिकते.

या समजुतीचे मूळ ५ जून १९६७ च्या सकाळी आहे. इस्रायलने आपली जवळजवळ सर्व, म्हणजे सुमारे दोनशे, लढाऊ विमाने इजिप्तवर सोडली आणि स्वतःच्या देशाच्या रक्षणासाठी अवघी बारा मागे ठेवली. पहाटेची गस्त संपवून इजिप्शियन वैमानिक खाली उतरले होते, नाईलच्या खोऱ्यातले धुके विरले होते, वरिष्ठ अधिकारी घरून कचेरीकडे निघाले होते आणि इजिप्तचे सरसेनापती स्वतः विमानात असल्यामुळे विमानभेदी दलाला गोळीबार न करण्याची सूचना होती. पहिल्या लाटेत अकरा तळांवर हल्ला झाला आणि दिवस मावळेपर्यंत इजिप्तची तीनशेच्या आसपास विमाने नष्ट झाली, त्यांतली बहुतेक उघड्यावर ओळीने उभी असताना. हे सर्वांना ठाऊक असते. धावपट्ट्यांचे काय झाले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. विमान वेगाने आणि कमी उंचीवरून जात असताना टाकलेला साधा बाँब काँक्रीटवर तिरपा आदळतो आणि पुष्कळदा घसरत किंवा उसळत पुढे जातो. म्हणून इस्रायलने खास बाँब वापरले होते. हवाई छत्रीने त्यांचा वेग कमी होई, नाक खाली वळे, मग मागचे रॉकेट पेटून बाँब काँक्रीटमध्ये घुसे आणि लादीच्या खाली फुटे. वरून छिद्र लहान दिसले तरी आजूबाजूच्या लाद्या उचलल्या जातात आणि खालचा भराव पोकळ होतो. असा खड्डा नुसता मुरूम टाकून बुजवता येत नाही. उचललेल्या लाद्या तोडून काढाव्या लागतात, नवा भराव थराथराने दाबावा लागतो आणि तेवढ्यात दुसरी लाट येते. इस्रायलचे तंत्रज्ञ परतलेले विमान दहा मिनिटांच्या आत इंधन आणि दारूगोळा भरून पुन्हा सोडत असल्यामुळे ती दुसरी लाट खरोखरच आली. सकाळी सुरुवात केल्यामुळे पुढचा अख्खा दिवस हाताशी होता, हेही तितकेच महत्त्वाचे होते.

आता आपल्याकडे पाहू. १ सप्टेंबर १९६५ रोजी जम्मूच्या सीमेवरील छांब क्षेत्रात पाकिस्तानी रणगाडे पुढे सरकत असताना लष्करप्रमुख आणि हवाई दलप्रमुख अर्जन सिंग संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्याकडे गेले आणि चव्हाणांनी काही मिनिटांत हवाई दल वापरण्यास मान्यता दिली. सायंकाळी पाच वाजून एकोणीस मिनिटांनी पठाणकोटहून पहिली विमाने उडाली. १९६२ मध्ये लढाऊ विमाने वापरलीच गेली नव्हती, ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली तर त्या निर्णयाचे धैर्य कळते. पण पाठवायला हाताशी होती ती जुनी व्हँपायर विमाने, आणि त्या एका संध्याकाळी चार व्हँपायर गमवावी लागली. आधी आकाश मोकळे करून घेण्याची कोणतीही योजना त्या उड्डाणामागे नव्हती. भूदल अडचणीत होते म्हणून विमाने धाडली गेली.

पुढच्या आठवड्यात याहून महाग पडणारी गोष्ट घडली. ६ सप्टेंबरच्या सकाळी आपले भूदल लाहोरच्या दिशेने सरहद्द ओलांडून गेले, परंतु त्याच वेळी पाकिस्तानच्या हवाई तळांवर हल्ला झाला नाही. सरगोधा या पाकिस्तानी हवाई तळावरचे हल्ले दुसऱ्या दिवशी पहाटे सुरू झाले. मधल्या वेळेत, ६ च्या सायंकाळी, पाकिस्तानची सेबर विमाने पठाणकोटवर आली आणि दहाच्या आसपास भारतीय विमाने जमिनीवरच नष्ट झाली. त्यांत नुकतीच आलेली दोन मिग-२१ होती. ७ तारखेला बंगालमधील कलाईकुंडा तळावर हाच प्रकार झाला. तिथे पहिल्या हल्ल्यात उभी कॅनबेरा आणि व्हँपायर विमाने जळाली. दुसऱ्या हल्ल्याच्या वेळी मात्र आपली हंटर लढाऊ विमाने वर आकाशात होती आणि त्यांनी सेबर पाडली. एकाच तळावर, एकाच दिवशी, काही तासांच्या अंतराने घडलेल्या या दोन घटनांत विमानांचा दर्जा किंवा वैमानिकांचे शौर्य बदललेले नव्हते. पहिल्या वेळी विमाने उघड्यावर उभी होती आणि वर पहारा नव्हता, एवढाच फरक.

१९६५ ते १९७१ या सहा वर्षांत हवाई दलाने केलेले काम दिखाऊ नव्हते, त्यामुळे त्याचे पोवाडे कोणी गायले नाहीत. तळोतळी ब्लास्ट पेन, म्हणजे जाड भिंतींचे आणि मातीच्या भरावाचे निवारे, बांधले गेले. विमाने एका ओळीत उभी करण्याची सवय मोडली, ती तळाच्या कानाकोपऱ्यांत पांगवली गेली, रंग आणि जाळ्यांनी झाकली गेली. धावपट्टी दुरुस्तीचे साहित्य आणि माणसे तळावरच ठेवली गेली. हवाई दलप्रमुख एअर चीफ मार्शल पी. सी. लाल यांच्या कारकिर्दीत भूदल आणि नौदल यांच्याबरोबरच्या संयुक्त आखणीवरही बराच भर दिला गेला. बांधकाम खात्यातल्या माणसाला या यादीचे अप्रूप वाटते, कारण यांतली निम्मी कामे गवंडी, मजूर आणि रोलर चालवणारे यांची आहेत.

त्या कामाची परीक्षा ३ डिसेंबर १९७१ रोजी सायंकाळी पावणेसहाच्या सुमारास झाली. पाकिस्तानने अमृतसर, पठाणकोट, श्रीनगर, अवंतीपूर आणि मागोमाग अंबाला, आग्रा, उत्तरलाई, जोधपूर अशा अनेक तळांवर हल्ले केले. इस्रायलचा कित्ता गिरवण्याचा हा प्रयत्न होता, असे तेव्हापासून म्हटले जाते. परंतु कित्त्यातली मुख्य अक्षरेच गळाली होती. सुमारे पन्नास विमाने इतक्या तळांवर वाटली की प्रत्येक ठिकाणी मूठभरच पोहोचली. सायंकाळची वेळ निवडल्यामुळे पाठोपाठ दिवसाउजेडी दुसरी लाट येणे शक्यच नव्हते. रात्री आली ती एकेकटी बाँबफेकी विमाने. अमृतसरच्या धावपट्टीवर खड्डे पडले आणि रातोरात बुजवले गेले. निवाऱ्यांतली विमाने जवळजवळ सर्व शाबूत राहिली आणि मध्यरात्रीपूर्वीच आपली कॅनबेरा पाकिस्तानी तळांकडे निघाली होती. सर्वस्व पणाला लावायचे नाही आणि पूर्ण राखूनही ठेवायचे नाही, अशा मधल्या वाटेने झालेला पहिला हल्ला शत्रूला सावध करण्यापलीकडे काही साधत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

पूर्वेकडचे युद्ध यापेक्षा अधिक शिकवणारे आहे, आणि आपल्या वाचकांना त्याचा शेवट ठाऊक असला तरी सुरुवात क्वचितच ठाऊक असते. पूर्व पाकिस्तानात पाकिस्तानच्या हवाई दलाची सेबर विमानांची एकच स्क्वाड्रन, म्हणजे तुकडी, होती आणि ढाक्याजवळचा तेजगाव हा तिचा तळ. आपल्या पूर्व विभागाकडे दहाच्या आसपास स्क्वाड्रन होत्या. त्याआधी २२ नोव्हेंबरला बॉयरा येथे आपल्या नॅट विमानांनी सेबर पाडून चुणूकही दाखवली होती. एवढे विषम बलाबल असूनही ४ आणि ५ डिसेंबरला ढाक्यावर सहज यश मिळाले नाही. आपली विमाने सेबर जमिनीवरच टिपण्याच्या प्रयत्नात होती, पण पाकिस्तान्यांनी ती उत्तम झाकून पांगवली होती. विमानभेदी तोफांचा मारा तीव्र होता आणि वर आलेल्या सेबरशी झालेल्या झटापटींत आपली हंटर गमवावी लागली. थोडक्यात, जे शहाणपण आपण पठाणकोटला शिकलो होतो तेच तेजगावला शत्रू आपल्यावर वापरत होता.

मग लक्ष्य बदलले गेले. ६ डिसेंबरला मिग-२१ विमाने पाचशे किलोचे बाँब घेऊन आली आणि त्यांनी उंचावरून तीव्र कोनात सूर मारून तेजगावच्या धावपट्टीवर ते टाकले. मिग-२१ हे मुळात शत्रूची विमाने अडवण्यासाठी बनवलेले विमान; त्याच्याकडून असे काम करून घेण्याचा सराव आपल्या स्क्वाड्रननी आधी केला होता. तीव्र कोनाचे कारण वर आलेच आहे: सरळ खाली येणारा बाँब काँक्रीट भेदतो. धावपट्टीवर अशा जागी खड्डे पडले की उरलेल्या कोणत्याही तुकड्यावरून सेबरला उडता येईना. पाकिस्तानी अभियंत्यांनी दुरुस्तीला हात घातलाच असणार, कारण आपली विमाने दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, तिसऱ्या दिवशी पुन्हा आली. ढाक्याजवळच्याच कुर्मिटोल्याच्या दुसऱ्या धावपट्टीचीही तीच गत केली गेली. ६ डिसेंबरनंतर पूर्वेच्या आकाशात पाकिस्तानचे लढाऊ विमान दिसले नाही. वैमानिकांना ब्रह्मदेशमार्गे बाहेर काढण्यात आले आणि उरलेली सेबर शरणागतीच्या वेळी त्यांच्याच माणसांनी निकामी केली. त्या विमानांपैकी बरीच हवेत पडली नव्हती की जमिनीवर जळालीही नव्हती, तरी युद्धापुरती ती नसल्यातच जमा झाली. पाडलेल्या विमानांच्या यादीत ही गोष्ट कोठे लिहायची?

पुढचे सारे या धावपट्टीवर अवलंबून होते. ९ डिसेंबरपासून जनरल सगत सिंग यांचे सैनिक एमआय-४ हेलिकॉप्टरांतून मेघना नदीपार नेले गेले. ही हेलिकॉप्टर संथ आणि निःशस्त्रप्राय होती. एक सेबर वर असती तर तो पराक्रम मूर्खपणा ठरला असता. ११ डिसेंबरला टांगाइलजवळ दिवसाउजेडी छत्रीधारी बटालियन उतरवली गेली, तीही डाकोटासारख्या जुन्या मालवाहू विमानांतून. १४ डिसेंबरला ढाक्यातील गव्हर्नरांच्या निवासस्थानावर मिग-२१ नी रॉकेटांचा मारा केला आणि गव्हर्नर मलिक यांनी राजीनामा दिला. दोन दिवसांनी शरणागती झाली. भूदलाच्या शौर्याचे श्रेय तसूभरही कमी न करता एवढे म्हणता येईल की, ते शौर्य ज्या वेगाने ढाक्यापर्यंत पोहोचले तो वेग आकाश मोकळे असल्याशिवाय मिळाला नसता.

पश्चिमेकडे चित्र इतके स्वच्छ नव्हते. पाकिस्ताननेही निवारे बांधले होते, त्याच्या तळांवरच्या हल्ल्यांत आपली विमाने पडली आणि पूर्ण वर्चस्व कोणालाच मिळाले नाही. तरीही लोंगेवाला येथे ५ डिसेंबरच्या सकाळी जैसलमेरहून उडालेल्या मोजक्या हंटरनी उघड्या वाळवंटात सापडलेले रणगाडे टिपले, कारण त्या रणगाड्यांच्या डोक्यावर पाकिस्तानचे एकही विमान नव्हते. एवढ्या जागेपुरते आणि एवढ्या वेळेपुरते वर्चस्वही लढाईचा निकाल फिरवते.

धावपट्टीवरचा खड्डा कायमचा नसतो, याचा दाखला तर आपल्या अगदी शेजारी आहे. १८ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्तीच्या कारवाईत बारा कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर सुमारे ६३ हजार पौंडांचे बाँब टाकले. नंतर आणखी एक हल्ला झाला. या मोहिमेसाठी हवाई दलाची जमवाजमव पुणे आणि बेळगावजवळील सांबरा येथे झाली होती आणि एअर व्हाइस मार्शल अर्लिक पिंटो तिचे नेतृत्व करत होते. पोर्तुगीजांची लढाऊ विमाने गोव्यात नव्हतीच, त्यामुळे हवाई लढाईचा प्रश्न नव्हता; विमानतळाच्या इमारतींना धक्का लावायचा नाही, असा आदेशही होता. त्या रात्री पोर्तुगीजांनी धावपट्टीचा काही भाग घाईघाईने बुजवला आणि तिथे उभी असलेली दोन प्रवासी विमाने अधिकाऱ्यांच्या कुटुंबीयांना घेऊन अंधारात कराचीकडे निसटली. दोन हल्ले झालेल्या धावपट्टीवरून चार इंजिनांचे अवजड विमान उडाले, ते उरलेल्या सातेकशे मीटरवरून. दाबोळीच्या आजच्या प्रवाशांना याची कल्पनाही नसेल. धावपट्टी एकदा फोडून भागत नाही, ती फुटकी ठेवावी लागते, हे ढाक्याला जे केले गेले त्याचे मर्म या एका रात्रीत दिसते.

आता क्षेपणास्त्रांच्या आणि ड्रोनच्या काळात हे सारे जुने झाले, असा आक्षेप येईल, आणि तो काही अंशी बरोबर आहे. १९७३ मध्ये इजिप्त आणि सीरियाने क्षेपणास्त्रांची छत्री उभारल्यावर तेच इस्रायली हवाई दल पहिल्या दिवसांत गांगरले. ७ ऑक्टोबरला सीरियाच्या आघाडीवर, गोलान टेकड्यांवरच्या एका मोहिमेत त्याची सहा फँटम विमाने पडली. तेव्हापासून हवाई वर्चस्वाची पहिली पायरी शत्रूची रडार आणि क्षेपणास्त्र दले आंधळी करणे ही झाली. १७ जानेवारी १९९१ रोजी इराकवरचा हल्ला रडार ठाण्यांपासून सुरू झाला आणि भूदल पुढे सरकले ते पाच आठवडे उलटून गेल्यावर. रशियाने २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनमध्ये ही पायरी अर्धवट चढून सोडली. युक्रेनने आपली विमाने आणि फिरती क्षेपणास्त्रे आदल्या काही तासांत हलवून ठेवली होती, त्यामुळे रशियाचे पुष्कळ बाँब रिकाम्या जागांवर पडले. राजधानी कीव्हजवळच्या होस्टोमेलच्या विमानतळावर हेलिकॉप्टरने सैनिक उतरले, पण त्यांच्या मागून यायची मालवाहू विमाने तिथे उतरूच शकली नाहीत. जून २०२५ मध्ये युक्रेनने मालमोटारींत दडवून नेलेल्या ड्रोननी रशियाची दूरवरच्या तळांवर उघड्यावर उभी असलेली बाँबफेकी विमाने जाळली. साठ वर्षांपूर्वीचे पठाणकोट आणि हे तळ यांत शस्त्र बदलले आहे. उघड्यावर उभे असलेले विमान तेच आहे.

मे २०२५ चा संघर्ष याच चौकटीत पाहायला हवा. ७ मे रोजी आपण दहशतवादी तळांवर हल्ले केले. पाकिस्तानची लष्करी ठाणी आणि हवाई संरक्षण यंत्रणा त्या वेळी लक्ष्य नव्हती. संघर्ष वाढू नये हा त्यामागचा राजकीय हेतू सरकारने उघडपणे सांगितला होता. संरक्षण दलप्रमुख जनरल अनिल चौहान यांनी ३१ मे रोजी सिंगापूरमध्ये आरंभी विमाने गमावल्याचे मान्य केले, संख्या सांगितली नाही, आणि डावपेचांतली चूक सुधारून विमाने दोन दिवसांत पुन्हा उडवल्याचे सांगितले. ऑगस्टमध्ये हवाई दलप्रमुख ए. पी. सिंग यांनी पाकिस्तानची पाच लढाऊ विमाने आणि एक मोठे विमान पाडल्याचे जाहीर केले. पाकिस्तानने ते नाकारले. वाद या दोन विधानांवर चालू राहिला. माझ्या मते अधिक बोलका पुरावा १० मे नंतरचा आहे. त्या दिवशीच्या आपल्या माऱ्यानंतर रहीम यार खान येथील धावपट्टीवर पडलेला खड्डा उपग्रहचित्रांत साऱ्या जगाने पाहिला आणि ती धावपट्टी बंद असल्याची सूचना पाकिस्तानच्या विमान वाहतूक यंत्रणेला पुन्हा पुन्हा वाढवावी लागली.

राजकीय मर्यादा घालण्याचा अधिकार निर्वाचित सरकारचा आहे आणि अण्वस्त्रधारी शेजाऱ्याशी वागताना त्या मर्यादेला कारणेही आहेत. परंतु शत्रूची रडार आणि क्षेपणास्त्रे पहिल्या रात्री अस्पर्श ठेवायची असे ठरवले, तर त्या रात्रीचे नुकसान वैमानिकांच्या माथी पडते, हे ठरवणाऱ्यांनी आधीच मान्य केलेले असले पाहिजे. ६ सप्टेंबर १९६५ ला भूदलास हुकूम गेला आणि हवाई दलास तळांवर हल्ल्याचा हुकूम एक दिवस उशिरा मिळाला; त्या एका दिवसाची किंमत पठाणकोटला मोजली गेली. पहिला वार करायचा नसेल तर पहिला वार सोसण्याची सोय शत्रूपेक्षा कितीतरी पटीने चांगली असावी लागते, आणि ती सोय सिमेंट, सळई, रडार, सराव आणि सुट्या भागांच्या साठ्यातून येते.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ निवृत्त झाल्यावर ४२ मंजूर स्क्वाड्रनच्या जागी आपल्याकडे २९ उरल्या. आमच्या नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात तयार होणारे तेजस ऑक्टोबरमध्ये प्रथम आकाशात झेपावले, तेव्हा जिल्ह्यात आनंद झाला आणि तो योग्यच होता. मात्र या २९ चा आकडा जितका छापला जातो, त्याच्या शतांशानेही ओझरच्याच हवाई दल दुरुस्ती आगारात दुरुस्तीला आलेली विमाने किती दिवसांत परत जातात हे छापले जात नाही. खरे संख्याबळ युद्धाच्या तिसऱ्या दिवशी उडू शकणाऱ्या विमानांचे असते. त्याचप्रमाणे उत्तर प्रदेशात आणि राजस्थानात महामार्गांवर लढाऊ विमाने उतरवण्याचे प्रयोग झाले, त्यांची छायाचित्रे सर्वत्र झळकली. पण महामार्गाच्या त्या तुकड्यावर इंधन, दारूगोळा आणि विमानभेदी संरक्षण किती तासांत पोहोचते, ही खरी कसोटी आहे.

म्हणून आपल्या दैनिकास विनंती आहे की, संरक्षण अंदाजपत्रकाच्या वेळी नव्या विमानांच्या खरेदीबरोबर काही साधे प्रश्नही आपल्या दिल्लीतील प्रतिनिधींनी विचारावेत. गुप्त माहितीची अपेक्षा नाही. मंजूर किती झाले आणि खर्च किती झाले एवढे संसदेच्या स्थायी समितीपुढे येतच असते. लढाऊ विमानांसाठी पक्के, छत असलेले निवारे बांधण्यावर गेल्या पाच वर्षांत किती खर्च झाला? लहान ड्रोनपासून तळांचे रक्षण करण्याच्या यंत्रणेसाठी स्वतंत्र तरतूद आहे का? आणि लोहगावसारख्या ठिकाणी, जिथे पुण्याची सारी नागरी वाहतूक आणि हवाई दलाची सुखोई एकाच धावपट्टीवर अवलंबून आहेत, तिथे त्या धावपट्टीला पर्याय उभारण्याचे काम कोणत्या खात्याकडे आहे आणि ते कोणत्या वर्षी पुरे होणार आहे?

आपला,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता,
नाशिक